एका रंगात यायला नऊ वर्षं: गेमिंग कॉम्प्युटरच्या दिव्यांची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आलेखातल्या एका शिखरामागे माझे जवळजवळ तीन आठवडे गेले. मी अतिशय मंद फ्लुरोसन्स मोजत होतो. अंधारी खोली, काळे पडदे, फोटोमल्टिप्लायर ट्यूब, सगळं नीट लावलेलं. पण सिग्नलचं फूरिए रूपांतर काढलं की काहीशे हर्ट्झपाशी एक अणकुचीदार शिखर दिसायचं, आणि त्याच्या पटीत आणखी दोन-तीन. विजेच्या ५० हर्ट्झचा त्रास प्रत्येक लॅबच्या ओळखीचा असतो, पण हे ५० च्या पटीत बसत नव्हतं. आधी सॅम्पलवर संशय घेतला, मग अ‍ॅम्प्लिफायरवर, मग केबल बदलल्या. शेवटी सर म्हणाले, "कॉम्प्युटर बंद कर आणि नुसत्या स्कोपवर बघ." बघितलं. शिखर गायब.

दोषी होती रॅम. म्हणजे रॅमवरचे रंगीत दिवे.

आता लॅबच्या कॉम्प्युटरवर रंगीत दिवे कशाला, असं तुम्ही विचाराल. आम्हाला आकडेमोडीसाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं आणि वर्कस्टेशनचे पैसे नव्हते. मग सुटे गेमिंगचे भाग घ्यायचं ठरलं. तीन कोटेशनं मागवली, प्रत्येक वस्तूला सगळ्यात कमी दर देणारा दुकानदार निवडला. परिणाम असा की मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, कार्ड तिसरीचं आणि पंखे चौथीचे. चालू केल्यावर प्रत्येक भाग आपापल्या तालात नाचायचा. एलईडीची चमक कमी करायची तर त्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला ते स्थिर दिसतं, फोटोमल्टिप्लायरला दिसत नाही. कॅबिनेटच्या जाळीतून येणारा तो उजेड पडद्याच्या फटीतून माझ्या आलेखात शिरत होता.

मग साधं काम उरलं: सगळे दिवे एकदम बंद करायचे. इथे खरी गंमत सुरू झाली. मदरबोर्डचे दिवे बायोसमधून बंद झाले. बाकीच्यांसाठी प्रत्येक कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर, तेही विंडोजवर चालणारं, आणि आमच्या मशीनवर लिनक्स. सगळ्या दिव्यांना एकच रंग देणं आणि सगळ्यांना एकदम काळं करणं हा तांत्रिकदृष्ट्या एकच प्रश्न आहे. काळा म्हणजे शून्य, शून्य, शून्य. हा प्रश्न इतका अवघड का, याचा शोध घेता घेता मी या दिव्यांच्या इतिहासात शिरलो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातून काही घेण्यासारखं आहे असं वाटलं, म्हणून ही पोस्ट.

एक बटण पुरत होतं तेव्हा

कॉम्प्युटर सजवायचा नाद गेमिंगच्या आजच्या बाजारापेक्षा जुना आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळी कॅबिनेटची बाजू कापून तिथे अ‍ॅक्रिलिकची खिडकी बसवायची आणि आत कोल्ड कॅथोड नळ्या लावायची. या म्हणजे बारीक ट्यूबलाइटच. त्यांना जास्त व्होल्टेज लागायचं, म्हणून सोबत एक छोटा इन्व्हर्टर असायचा. नळी निळी घेतली की ती कायमची निळी. दोन नळ्यांचा मेळ घालायचा तर दोन्ही एका बटणावर घ्यायच्या. झालं सिंक!

प्रश्न निर्माण झाला तो रंग बदलता यायला लागल्यावर. त्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी शेजारी लागतात. डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९६२ साली करून दाखवला होता. निळ्यासाठी मात्र तीस वर्षं थांबावं लागलं. गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवणं आणि त्यात पी-प्रकारचा थर तयार करणं, या दोन अडचणींवर जपानमध्ये इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी, आणि निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी काम केलं. १९९३ साली निचियाने भरपूर उजेडाचा निळा एलईडी जाहीर केला. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

योगायोग बघा. त्याच २०१४ मध्ये रेझरने क्रोमा आणि कॉर्सेअरने के७० आरजीबी हे कीबोर्ड आणले. त्यात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र रंग देता येत होता. जाहिरातीत आकडा असायचा १.६८ कोटी रंगांचा. तो येतो कुठून? प्रत्येक रंगाला ८ बिट, तीन रंगांचे २४ बिट, आणि २ चा २४ वा घात म्हणजे १,६७,७७,२१६. एवढे रंग आपल्याला वेगळे ओळखू येतात असा त्याचा अर्थ नाही. एवढे आकडे पाठवता येतात, इतकाच.

चार पिना आणि तीन पिना

पुढच्या दोन-तीन वर्षांत कीबोर्डवरचे दिवे मदरबोर्ड, रॅम, पंखे, ग्राफिक्स कार्ड असे सगळीकडे पसरले. इथे दोन प्रकारच्या जोडण्या नीट समजून घ्या, कारण यात चूक झाली की पैसे जातात.

पहिला प्रकार १२ व्होल्टचा, चार पिनांचा. एक पिन वीज देते, उरलेल्या तीन लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी. यात पट्टीवरचे सगळे दिवे एकाच रंगाचे असतात. पट्टीला अक्कल नाही, सगळी अक्कल बोर्डाकडे.

दुसरा प्रकार ५ व्होल्टचा, तीन पिनांचा: वीज, डेटा आणि ग्राउंड. यात प्रत्येक दिव्याच्या पोटातच एक चिप असते. वर्ल्डसेमी या चिनी कंपनीचा डब्ल्यूएस२८१२ हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध नमुना. गणपतीच्या मंडपात धावणारी पिक्सेल माळ तुम्ही पाहिली असेल, ती याच कुळातली. ५ व्होल्टची माळ चुकून १२ व्होल्टला जोडली तर चिप जळते. ही चूक होऊ नये म्हणून तीन पिनांच्या हेडरमध्ये एक जागा मुद्दाम रिकामी सोडतात. तरीही उघड्या टोकांच्या वायरी आणि कन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी दोनदा बघूनच जोडावं.

या चिपची कल्पना फार सुंदर आहे. डेटाची एकच तार एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. पहिला दिवा आलेल्या ओळीतले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले पुढे ढकलतो. दुसराही तेच करतो. पंगतीत ताट पुढे सरकवावं तसं. कुणालाच पत्ता लागत नाही, रांगेतली जागा हाच पत्ता.

थोडा हिशोब करू. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद. कॅबिनेटमध्ये २०० दिवे धरले तर सगळ्यांना नवा रंग द्यायला ६ मिलिसेकंद. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची असतील तर प्रत्येकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे वेळ हाताशी पुष्कळ आहे. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे युक्तिवादात लागणार आहे.

ताल चुकतो कसा

समजा मदरबोर्ड आणि कीबोर्ड दोघांवर इंद्रधनुष्याचा एकच खेळ चालू आहे आणि एक आवर्तन ५ सेकंदांचं आहे. दोघं एकाच क्षणी सुरू केले. पण दोघांचे कंट्रोलर वेगळे, घड्याळं वेगळी. दोन घड्याळांत १ टक्का फरक धरा. दर आवर्तनाला ०.०५ सेकंदांचा फरक पडेल. ५० आवर्तनांनंतर, म्हणजे साधारण चार मिनिटांत, तो २.५ सेकंद होईल, अर्धं आवर्तन. एकीकडे लाल असेल तेव्हा दुसरीकडे त्याच्या बरोबर उलटा निळसर-हिरवा.

याला दोनच उपाय आहेत. एक तर सगळ्यांना अधूनमधून वेळ जुळवायला सांगायचं, किंवा खेळ कंट्रोलरवर चालवायचाच नाही. कॉम्प्युटरनेच प्रत्येक क्षणाचे रंग काढून सगळ्यांना पाठवायचे. दुसरा उपाय सोपा, आणि वरच्या हिशोबाप्रमाणे तारेला तो झेपतोही. अट एकच: पाठवणाऱ्याला प्रत्येकाची भाषा यायला हवी.

आणि भाषा कुणी सांगत नव्हतं.

प्रत्येकाचं वेगळं राज्य

आसुसचं ऑरा सिंक, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन, अ‍ॅसरॉकचं पॉलिक्रोम, कॉर्सेअरचं आयक्यू, लॉजिटेकचं लाइटसिंक, रेझरचं क्रोमा. नावात 'सिंक' आहे, पण मेळ आपल्याच घरात किंवा करार केलेल्या पाहुण्यांशी. पंख्यांच्या खोक्यावर चार-चार मदरबोर्ड कंपन्यांची चिन्हं छापलेली दिसतात, ती याचीच खूण. माळेची तार सगळ्यांची जवळजवळ सारखी झाली, पण तिच्या वरचा थर, म्हणजे कॉम्प्युटरने कंट्रोलरशी बोलायची भाषा, ज्याची त्याची खासगी राहिली.

रॅमची अडचण आणखी खोल. रॅमवर एक छोटी चिप असते, ती आपला वेग आणि क्षमता मदरबोर्डला सांगते. हे बोलणं एसएमबस नावाच्या दोन तारांच्या मार्गावरून होतं. १९९५ सालचा हा मार्ग बॅटरी, तापमान असल्या किरकोळ कामांसाठी होता. रॅमचे दिवेही याच मार्गावर बसवले गेले. त्यामुळे दिव्याचा रंग बदलायला सॉफ्टवेअरला थेट हार्डवेअरपर्यंत हात पोचवावा लागतो, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर लागतो. शिवाय दोन कंपन्यांची सॉफ्टवेअरं एकाच वेळी या मार्गावर बोलायला लागली की एकमेकांचं बोलणं तोडतात.

याची किंमत फक्त रंगांपुरती नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये सिक्युअरऑथच्या संशोधकांनी ऑरा सिंकसोबत येणाऱ्या दोन ड्रायव्हरांमधल्या त्रुटी जाहीर केल्या. साध्या परवानगीचा प्रोग्रामही त्यांच्या आधारे गाभ्यापर्यंत पोचू शकत होता. शोभेचा दिवा लावायला घराची किल्ली द्यायची, असा हा व्यवहार.

नाटकवाल्यांनी हे आधीच सोडवलं होतं

आता इतिहासाचा खरा प्रश्न. वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एका ठिकाणाहून चालवणं हे काम जगाला नवीन होतं का? अजिबात नाही. अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ सालीच डीएमएक्स५१२ हे प्रमाण ठरवलं होतं. एका केबलवर ५१२ चॅनेल, सेकंदाला अडीच लाख बिट, सगळे चॅनेल भरले तरी सेकंदाला सुमारे ४४ वेळा नवी माहिती. प्रत्येक दिव्याला सुरुवातीचा पत्ता द्यायचा, की कुठल्याही कंपनीचा कन्सोल कुठल्याही कंपनीचा दिवा चालवतो. आजही रंगमंचावर आणि कार्यक्रमांत हेच चालतं.

मग १९८६ साली जमलेली गोष्ट २०१४ नंतर का जमू नये? वरचा हिशोब आठवा. वेग कमी पडत नव्हता, तार स्वस्त होती, चिप तयार होती. म्हणजे 'तंत्रज्ञान नव्हतं' हे उत्तर बाद.

माझं उत्तर असं: फरक विकत घेणाऱ्यात होता. नाटकाची कंपनी गावोगावी फिरते. कन्सोल आपला, दिवे तिथल्या थिएटरचे किंवा भाड्याने आणलेले. ते जुळले नाहीत तर त्या रात्रीचा प्रयोग अडतो. हे गिऱ्हाईक धंदेवाईक होतं, संघटित होतं, आणि प्रमाण ठरवायला त्याची स्वतःची संस्था होती. गेमिंगचं गिऱ्हाईक एकेकटं. त्याचे रंग जुळले नाहीत तर तो चडफडतो आणि पुढच्या वेळी त्याच कंपनीचे पंखे घेतो, म्हणजे जुळतील. कंपनीच्या दृष्टीने न जुळणं हेच फायद्याचं.

पण संशोधनात आपलं उत्तर आवडलं की लगेच त्याच्या विरोधात उभं राहायचं असतं. कंपन्यांची बाजू मांडून बघू. दिव्यांचे प्रकार दरवर्षी बदलत होते. लवकर प्रमाण ठरवलं असतं तर प्रगती गोठली असती, असं कुणी म्हणू शकेल. हे पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतं मला पटतं. त्यानंतरचं पटत नाही, आणि त्याला पुरावा आहे.

२०१८ ते २०२३

यूएसबीवरच्या कीबोर्ड-माऊससाठी एचआयडी नावाचं प्रमाण आहे. म्हणूनच कुठलाही कीबोर्ड जोडला की तो ड्रायव्हर न मागता चालतो. २०१८ साली त्यात दिव्यांसाठी वेगळं पान जोडलं गेलं आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या आवृत्तीत ते वापरायची सोय आली. तिचं नाव लॅम्पअ‍ॅरे. यात उपकरण स्वतःच सांगतं: माझ्याकडे इतके दिवे आहेत, प्रत्येक दिवा अमुक जागी आहे, आणि आज्ञा मिळाल्यापासून रंग बदलायला मला इतका वेळ लागतो. जागा मायक्रोमीटरमध्ये, वेळ मायक्रोसेकंदात. मेळ घालायला जे जे लागतं ते सगळं यात आहे.

म्हणजे २०१८ साली सर्वांसाठी खुलं प्रमाण कागदावर होतं. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'डायनॅमिक लायटिंग' हे पान आलं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये. मधली पाच वर्षं तंत्राची नव्हती. ती कंपन्यांनी हो म्हणण्याची होती.

दरम्यान हौशी प्रोग्रामरांनी दुसरी वाट काढली. ओपनआरजीबी हा मुक्त प्रकल्प मुळात ओपनऑराएसडीके या नावाने, आसुसच्या बोर्डांची भाषा उलगडण्यापासून सुरू झाला आणि मग एकेक कंपनी जोडत गेला. कंपनीचं सॉफ्टवेअर काय पाठवतं ते ऐकायचं, नोंदवायचं, स्वतः पाठवून बघायचं. तुम्ही प्रयोगशाळेत जे करता तेच. यात धोकाही आहे. चुकीची आज्ञा गेल्याने हार्डवेअर बिघडल्याच्या घटना या प्रकल्पाने स्वतःच उघडपणे नोंदवून ठेवल्या आहेत आणि त्या टाळायला काय केलं तेही लिहिलं आहे. फसलेला प्रयोग कसा लिहावा याचा हा चांगला नमुना. आमच्या लिनक्स मशीनवर शेवटी यानेच काम झालं.

प्रश्न पूर्ण सुटला का? नाही. लॅम्पअ‍ॅरे मुळात यूएसबीच्या कुळातलं. एसएमबसवर बसलेली रॅम ही भाषा थेट बोलू शकत नाही, मधे कुणीतरी दुभाषा लागतो. शिवाय एकच आकडा पाठवला तरी दोन कंपन्यांच्या एलईडींचे लाल-हिरवे-निळे थोडे वेगळे असल्यामुळे एकाचा पांढरा निळसर आणि दुसऱ्याचा गुलाबी दिसू शकतो. भाषा जुळली, तरी उच्चार राहिले.

तुमच्यासाठी

तीन गोष्टी सांगून थांबतो.

एक, एखाद्या तंत्राचा इतिहास लिहायचा असेल तर दोन तारखा शोधा: गोष्ट शक्य कधी झाली आणि प्रत्यक्षात कधी आली. मधल्या अंतराचं कारण पहिल्या झटक्यात 'तंत्रज्ञान मागे होतं' असं लिहू नका. हिशोब करून बघा. माझ्या बाबतीत ३० मायक्रोसेकंदांच्या एका गुणाकाराने ते कारण बाद झालं.

दोन, तुलना शोधा. डीएमएक्स डोळ्यांसमोर नसतं तर कंपन्यांचा गोंधळ मला स्वाभाविक वाटला असता. दुसऱ्या क्षेत्रात तोच प्रश्न कुणी, कधी आणि का सोडवला, हे विचारलं की आपल्या क्षेत्रातलं 'असंच असतं' हलायला लागतं. तुलना मात्र जपून वापरा. रंगमंच आणि कॅबिनेट यांत फरकही आहेत, आणि ते आपणच आधी लिहिलेले बरे.

तीन, प्रयोगाच्या खोलीतली प्रत्येक वस्तू प्रयोगाचा भाग असते. सॅम्पल न ठेवता, आणि शक्य तितकं सगळं बंद करून, एक मापन पहिल्याच दिवशी घ्या. मी ते घेतलं होतं, पण कॉम्प्युटर चालू ठेवून, कारण डेटा त्याच्यावरच साठत होता. तीन आठवडे त्या एका 'कारण'मध्ये गेले.

लॅबसाठी गेमिंगचे भाग घेत असाल तर कोटेशन मागवतानाच 'बिनदिव्यांचे' असं लिहा. बहुतेक वेळा ते स्वस्तही असतात. आमच्या रॅमवर ओपनआरजीबी सापडायच्या आधी लावलेली काळी टेप अजून तशीच आहे. सर म्हणतात, राहू दे, सॉफ्टवेअर अपडेट होतं, टेप होत नाही.

तुमच्या मापनात असा कुठला अनोळखी पाहुणा सापडला असेल तर जरूर लिहा. पुढच्या वेळी त्यातल्याच एखाद्यावर बोलू.